श्वासाचं विरजण

औषधं करणाऱ्यांच्या गल्लीत प्रत्येक घराकडे एकेकच विद्या होती. तोंडाशी हाडांचं घर, मग डोळ्यांचं, मग तापाचं, आणि गल्ली जिथे कालव्याकडे उतरते तिथलं शेवटचं घर श्वासाचं. हाडांच्या घरातला म्हातारा स्वतः लंगडत चालायचा. त्यावरून कोणी चिडवलं की तो म्हणायचा, "मोडलेलं जुळवता येतं रे, मुळात आखूडच दिलंय त्याला मी काय ओढून लांब करू?" आणि लगेच छपरावरून पडलेल्या कोणाचा तरी मोडका पाय मांडीवर घेऊन बसायचा. तो माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जायचा.

ही औषधं नव्याने करता येत नसत. प्रत्येक घरात एक जाड काचेची बरणी असे आणि बरणीच्या तळाशी विरजण. आधीच्या औषधातलं थोडं मागे ठेवायचं, त्यावर उकळून गार केलेलं पाणी आणि पाल्याचा रस घालायचा, झाकून ठेवायचं. सकाळी बरणी भरलेली. पहिलं विरजण कोणी लावलं, कशाचं लावलं, हे गल्लीत कोणालाच सांगता येत नव्हतं. आईला आजीने दिलं, आजीला तिच्या सासूने, त्याच्या मागे धुकं.

श्वासाच्या घरात एक काम जास्तीचं होतं. रोज सकाळी बरणीचं झाकण काढून आई तिच्यावर वाकायची आणि एक लांब श्वास सावकाश आत सोडायची. बरणीतलं औषध हळूच वर यायचं, खाली जायचं, जसं झोपलेल्या मुलाचं पोट. लेक हाताशी आली तशी आईने तिलाही ते करायला लावलं.

"आपला श्वास ओळखीचा असू दे त्याच्या," आई म्हणायची. "ते आधी घरच्याकडे बघतं, मग दारच्याकडे."

समोरच्या घरात राहणारी मावशी, आईची धाकटी बहीण, रोज बाटल्या धुवायला आणि बुचं लावायला यायची, पण बरणीवर वाकायची तिची छाती नव्हती. "नको बाई. ती बघते माझ्याकडे," असं म्हणून ती बरणीकडे पाठ करून बसायची. आईला हसू यायचं.

लेक लहान होती तेव्हा एकदा नावाड्याची धाकटी मुलगी कालव्यात पडली. बाहेर काढली तेव्हा ओठ निळे, हात लोंबत असलेले. अंगणात माणसं दाटली होती, आणि लेक आईच्या पदरामागून बघत होती. आईने काचेच्या काडीवर थेंबभर औषध घेतलं. घेतलं तेव्हा ते साधं पाणी होतं. काडी मुलीच्या तोंडाजवळ गेली तसा थेंबात उजेड आला. कसला रंग म्हणावा तो? डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं की पापण्यांच्या आत जो दिसतो, तो. थेंब काडीवरून आपण होऊन सुटला. तो पडला नाही, गेला. ओठांतून आत, गळ्यातून खाली. कातडीखालून त्याची वाट दिसत होती, कोणी कंदील घेऊन जिना उतरावा तशी. छातीत पोचला आणि पसरला, आणि त्या एवढ्याशा छातीतली एकेक बरगडी आतून उजळली. कोणीतरी घरात दिवा लावावा आणि बाहेरून खिडकीचे गज दिसावेत, तसं ते दिसलं.

मग ती पोर खोकली.

अंगणातलं कोणी हललं नाही. माणसांनी श्वास रोखून धरला होता, श्वासाच्या घरात, हे लेकीच्या तेव्हाही लक्षात आलं. नावाड्याने जमिनीला डोकं टेकलं. आई काडी पुसत म्हणाली, "उठा हो. आधी तिला कोरडं करा. आणि काही गरम खायला घाला, ह्याने पोट भरत नाही."

लोक गेल्यावर लेकीने विचारलं, "आई, तुला भीती नाही वाटत ह्याची?"

"वाटते ना. रोज वाटते." आईने बरणीचं झाकण लावलं, त्यावर क्षणभर हात ठेवला. "ज्या सकाळी नाही वाटणार, त्या सकाळी हिला हात लावायचा नाही."

आई गेली ती म्हातारपणाने. म्हातारपणाचं घर त्या गल्लीत नव्हतं, कुठल्याच गल्लीत नसतं. दुपारी बाटल्यांना बुचं लावत बसली होती. एक बूच हातात राहिलं. शेवटचा श्वाससुद्धा सरळ होता, कशाला न अडखळता गेला.

घरात मरण आलं की विरजण घराबाहेर, हा गल्लीतल्या सगळ्या घरांचा नेम होता. बरणी दुसऱ्या घराने नेऊन ठेवायची, तिला पाणी आणि रस घालायचा, औषध मात्र काढायचं नाही, आणि घरातलं रडणं सरलं की परत पोचवायची. का, ते कोणी सांगत नसे. विरजण मरणाला भितं, एवढंच म्हणत. हाडवाला म्हातारा म्हणायचा, "बरणीलाही कधीतरी माहेरपण नको का?"

मावशी बरणी न्यायला आली तेव्हा तिचे डोळे सुजून बंद व्हायला आले होते.

"बरणी दे. हाडवाल्यांकडे पोचवते."

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"आईबरोबर तेही गेलं. काळं पडलं. ओतून टाकलं मी."

मावशी मटकन खाली बसली. "अगं, इतक्या पिढ्यांचं विरजण. ओतून टाकलंस? मला एक हाक तरी मारायचीस."

"तू रडत होतीस."

"आणि तू काय करत होतीस?"

बरणी तेव्हा आतल्या खोलीत, आईच्या कपाटात, आईच्या शालींमध्ये गुंडाळलेली होती. गेली त्या सकाळीही आईने तिच्यावर श्वास सोडला होता. त्यानंतर झाकण उघडलेलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत वाकलेल्या आईचा तो श्वास अजून आत होता. तो उचलून कोणाच्या तरी फडताळात ठेवायला द्यायचा? दारच्यांकडे? ते तिच्याने झालं नाही. बस, एवढंच झालं होतं.

तिला रडू आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, नंतरही नाही. छातीतून काहीतरी वर यायचं, गळ्याशी दाटायचं, आता फुटणार असं वाटायचं, आणि तिथेच विरघळून जायचं. श्वास पुन्हा सरळ. दाराजवळच्या पाणवठ्यावर पाणी भरायला गेली की बायकांची कुजबुज कानावर पडायची. "टिपूस नाही हो डोळ्यांत. औषधं करून करून माणसाचा दगड होतो तो असा." ती घागर उचलून घरी यायची. बायका खोटं बोलत होत्या असं तिला वाटत नव्हतं. आईच्या हातांची, आईच्या खोकल्याची, त्या हातात राहिलेल्या बुचाची आठवण ती मुद्दाम काढून बघायची, जसं दुखऱ्या दाताला जिभेने टोचून बघावं. काही व्हायचं नाही. मग तिला स्वतःचीच किळस यायची.

एकच गोष्ट होती. ती बिछान्यावर टेकली, आणि ते गळ्याशी दाटलं, की कपाटाच्या फटीतून उजेड यायचा. तोच, पापण्यांच्या आतला. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा ती उठून बसली. घरात आजारी कोणी नव्हतं, औषध पेटायला काही कारण नव्हतं. तिने कपाट उघडलं. शालींच्या विणीविणीतून प्रकाश गळत होता, आईच्या करड्या शालीचा प्रत्येक धागा वेगळा दिसत होता, आणि आत बरणी सावकाश वर-खाली होत होती. श्वास घेत होती. आईच, तिला वाटलं. आई इथेच आहे. ती कपाटासमोर जमिनीवर बसून राहिली, आणि तो उजेड तिच्या तोंडावर, हातांवर पडत राहिला, आणि छाती इतकी हलकी झाली की तिला तिथेच झोप लागली.

मग ते रोजचंच झालं. कपाट उघडं ठेवायचं, उजेडात बसायचं. दिवस जात गेले तसं बरणीतलं औषध खाली गेलं. तिने पाणी घातलं, पाल्याचा रस घातला, वाकून श्वास सोडला. ते वर आलं नाही. उजेडही फिका व्हायला लागला, दिव्यात तेल संपत आल्यासारखा. तिला वाटलं, आई आता खरीच निघाली.

कालव्याच्या पलीकडे काचेची भट्टी होती. गल्लीतल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या तिथेच फुंकल्या जात, आणि फुंकणारा एकच. सगळं गाव त्याला फुंक्या म्हणे, त्याच्या तोंडावर म्हणे, आणि त्याला ते आवडे. लेकीचा तो फुंक्याकाका. आई आणि तो यांचं भांडण तिने जन्मापासून ऐकलं होतं.

"फुंक्या, ह्या बाटलीचं बूड वाकडं आहे."

"वहिनी, बूड सरळ आहे. तुमची नजर वाकडी."

"मग ही कलते कशी?"

"तुम्हाला नमस्कार करते. प्रत्येक बाटलीत आधी माझा श्वास भरतो, मग तुमचं औषध. आणि नाव होतं ते तुमचं!"

एका दुपारी, आभाळ भरून आलेलं असताना, त्याची बायको धावत गल्लीत शिरली. पायात चप्पल नव्हती. श्वासाच्या घरात मावशी बसली होती. आता भरायच्या नसलेल्या बाटल्या ती सवयीने धूत होती, आणि लेक त्या पुसत होती.

"पोरी," काकू दाराला धरून म्हणाली, "भट्टीतलं मडकं फुटलं. वाफ आली सगळी तोंडावर. अंगाला लागलं नाही गं, आत गेली. आतून भाजलाय तो. श्वास घेतोय तर... तसला आवाज मी कधी ऐकला नाही." ती थांबली. "मला ठाऊक आहे, तुमचं विरजण गेलं. पण एखाद्या जुन्या बाटलीच्या तळाला, कुठे बुचाला लागलेला, एक थेंब. एवढाच."

मावशीने ओले हात पदराला पुसले. "काय सांगू बाई तुला. असतं तर मागायला लागलं असतं का? विरजणच—"

"आहे," लेक म्हणाली.

मावशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लेक उठून आतल्या खोलीत गेली आणि करड्या शालीत गुंडाळलेली बरणी आणि काचेची काडी छातीशी धरून बाहेर आली. मावशी उठून उभी राहिली.

"तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे," ती म्हणाली. "आधी चल."

कालव्यावरच्या लाकडी पुलावरून तिघी घाईने गेल्या. भट्टीची शेड लांबट होती, आत अंधार, कारण आग विझवलेली. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छपरापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर बाटल्याच बाटल्या, रिकाम्या, उघड्या तोंडाच्या. फुंकायच्या लोखंडी नळ्या कोपऱ्यात उभ्या होत्या. फुंक्या जमिनीवर गोणपाटावर पडला होता. ज्या छातीने आयुष्यभर तापलेल्या काचेला आकार दिला ती छाती आता नुसती थरथरत होती, आणि प्रत्येक श्वासाला फाटक्या कापडातून वारा जावा तसा आवाज येत होता. दोन आवाजांमधली शांतता लांबत चालली होती.

लेक त्याच्या उशाशी बसली. बरणीत तळाला दोन-तीन थेंबच औषध राहिलं होतं. तिने काडी बुडवली, थेंब घेतला, त्याच्या काळवंडलेल्या ओठांजवळ नेला.

थेंब पेटला. काकूच्या तोंडून अस्फुट उद्गार निघाला.

पण थेंब सुटला नाही. तो काडीच्या टोकावर हलला, लांबला, आणि मग उलटा वर चढायला लागला. काडीवरून, लेकीच्या बोटांकडे. तिने काडी पुन्हा त्याच्या ओठांना टेकवली. थेंब मागे फिरला. मनगटावरून तो उजेड तिच्या अंगात शिरला, तिघींच्या डोळ्यांदेखत, दंडातून वर, खांद्यातून आत, कंदील घेऊन कोणीतरी त्या जिन्यावरून चालत होतं. तिच्या छातीत तो पसरला. तिथे एक गाठ होती. गाठ आहे हे तिला तेव्हा कळलं, जेव्हा ती सुटली. गळ्याशी दाटलेलं विरघळलं आणि तिचा श्वास सरळ झाला.

"हे काय गं?" मावशी पुटपुटली.

लेक काडी हातात धरून तशीच बसली. असंच झालं होतं, रोज. तिला कळलं. कपाटातून येणारा तो उजेड आईचा नव्हता. घरात एक माणूस गुदमरत होतं, आणि विरजण त्याच्याकडे धावत होतं. रोज, पुन्हा पुन्हा, तिचा एकेक हुंदका गळ्याशी येताक्षणी ते तिच्या छातीत येऊन सोडवत होतं आणि स्वतः संपत होतं. ते आधी घरच्याकडे बघतं. आईने सांगितलं होतं, इतक्या वेळा की ऐकू यायचं बंद झालं होतं. विरजण मरणाला भीत नव्हतं. मरण झालेल्या घरात ते कोणाला रडूच देत नाही, आणि न रडू देता देता आटून जातं. म्हणून बरणी आधी बाहेर.

तिने बरणीत पाहिलं. एक थेंब, फार तर दोन, आणि त्याच्या खाली विरजणाचा पातळ थर. फुंक्याचा पुढचा श्वास यायला फार वेळ लागला.

"मावशी, काडी धर."

"मी?" मावशी मागे सरकली. "मला नाही जमायचं. मी कधी तिच्यावर वाकलेसुद्धा नाही."

"म्हणूनच. तुझा श्वास तिच्या ओळखीचा नाही. ती तुझ्याकडे बघणार नाही."

"इतकी वर्षं मी म्हणत आले की ती बघते—"

"नाही बघत. मी इथून गेले की ती फक्त काकांकडे बघेल. मी लांब जाईपर्यंत काडी बुडवू नकोस. बरणीत उजेड आला की समज, मी पुरेशी लांब आहे."

"आणि तुझं काय?"

लेकीने बरणी खाली ठेवली. तिच्यावरून हात उचलायला तिला बळ लावावं लागलं. शाल तिने बरणीभोवतीच राहू दिली.

दारातून बाहेर पडेपर्यंत काही झालं नाही. अंगणात राखेच्या ढिगाजवळ पाय जरा जड झाले. पुलावर चढली तेव्हा गळ्याशी ते दाटलं, नेहमीसारखं, आणि ती थांबली, सवयीने, ते विरघळायची वाट बघत. ते विरघळलं नाही. तिथेच राहिलं. पुलाच्या मध्यावर त्याने आणखी जागा मागितली. तिला आईचे हात आठवले, मुद्दाम काढले नव्हते, आपण होऊन आले. बोटांची पेरं बुचं दाबून दाबून चपटी झालेली. गुडघ्यांची कुरकुर. तिने लपवलेला श्वास, कपाटात, शालीत, जणू तो ठेवता येतो. आपण मागे फिरून धावत जाऊ शकतो, हे तिला ठाऊक होतं. थोडीच पावलं. जाऊन बरणीपाशी बसलं की हे थांबेल. ती चालत राहिली. आणि पूल संपला तिथे, भर दुपारी, नावा बांधायच्या खुंटाशी, तिच्या छातीतलं जे इतके दिवस फुटलं नव्हतं ते फुटलं.

तिला वाटलं होतं त्याहून ते मोठं होतं. आवाज इतका मोठा निघाला की तिला तो स्वतःचा वाटला नाही. ती खुंटाला धरून खाली बसली. खाली नाव होती, नावेत एक बाई दोर गुंडाळत होती, नावाड्याची तीच धाकटी, आता स्वतः वल्ही मारणारी. तिने दोर सोडला, वर आली.

"ताई, कोणाला बोलावू?"

लेकीने मान हलवली. नको. नावाडीण काठावर पाय सोडून शेजारी बसली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ताई, तिकडे बघा."

भट्टीच्या शेडमध्ये उजेड आला होता.

आधी एका खिडकीत, बोटाएवढा. मग तो वाढला. लेक रडत होती, श्वास तिला सापडत नव्हता, एकेक हुंदका तिला वाकवत होता, आणि पलीकडच्या काठावर तो रंग पसरत होता. आतल्या फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्यांनी तो घेतला होता. एका बाटलीने दुसरीला दिला, दुसरीने तिसरीला. सगळी शेड, तिच्या सडक्या फळ्यांच्या भिंती, छपरातली भोकं, सगळं आतून पेटल्यासारखं झालं. धूर नाही, आवाज नाही. भरलेल्या आभाळाखाली कालव्याचं काळं पाणी काठापासून काठापर्यंत त्या रंगाचं झालं, आणि पुलाखालून जाणाऱ्या नावांवरची माणसं वल्ही उचलून धरून तशीच थांबली. एकाही वल्ह्यातून पाणी ठिबकल्याचं ऐकू आलं नाही. नावाडिणीने आपल्या छातीवर हात ठेवला होता. तिला ते आतून आठवत असावं.

मग तो आवाज आला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की येतो तो, घुमणारा, खोल. पण एका बाटलीतून नव्हे. शेडमधली प्रत्येक बाटली वाजली. लहान बाटल्या बारीक, मोठ्या जाड, सगळ्या एकदम, एकाच श्वासावर. ज्या माणसाने त्या सगळ्यांत पहिला श्वास भरला होता त्याने आपला श्वास परत घेतला होता, आणि त्या त्याला ओळखत होत्या. आवाज पाण्यावरून आला, खुंटातून लेकीच्या हातात उतरला, थरथरत राहिला. मग बाटल्या गप्प झाल्या. नंतर दुसरा श्वास. पुन्हा घुमल्या.

लेक अजून रडत होती. तिला थांबवणारं आता जवळ कोणी नव्हतं.

मावशीने बरणी भट्टीतून परस्पर हाडवाल्यांच्या घरी पोचवली. तळाला थर होता, पातळ पण जिवंत. हाडवाल्याने ती आपल्या बरणीपासून लांब, खिडकीत ठेवली आणि पाणी घातलं. नंतर मावशी ठरल्याप्रमाणे बोलायला आली. पुष्कळ बोलली. "खोटं बोललीस ते बोललीस, माझ्याशी? तुझ्या आईसाठी मी एकटीने रडायचं असं काही ठरलं होतं का?" आणि एवढं बोलून दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि मग मावशीने भात टाकला, कारण रडून झाल्यावर कोणाला तरी तो टाकावाच लागतो.

आतलं कपाट आता अंधारं असे. लेक त्याच्यासमोर बसली तर नुसतं लाकूड दिसे. रडणं कधीही यायचं. पाल्याचा वास आला की, बूच हाताला लागलं की. ते आलं की थांबत नसे, आणि श्वास तुटत तुटत, अडखळत, आपल्या वेळेने जागेवर येई. पाणवठ्यावरच्या बायकांनी तिला घागर उचलू लागायला सुरुवात केली.

मग एके दिवशी सकाळी फुंक्याकाका आले, थांबत थांबत, काकूच्या खांद्याला धरून. बगलेत काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते ओट्यावर ठेवून सोडलं. जाड काचेची नवी बरणी होती.

"बरा झाल्यावरची पहिली," ते म्हणाले. "जुनी पार झिजली होती तुमची."

लेकीने बरणी फिरवून पाहिली. ओट्यावर ठेवली. ती किंचित कलली.

"बूड वाकडं आहे," ती म्हणाली.

काका हसायला गेले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "ते सांगायला कोणी राहिलं नाही असं वाटलं होतं मला." त्यांनी तोंड पुसलं. "मग? विरजण कधी आणायचं घरी? हाडवाला विचारत होता. चांगलं वाढलंय म्हणतो."

सकाळची वेळ होती, समोर बरणी होती, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ती वाकली आणि रिकाम्या बरणीत तिने लांब श्वास सोडला. तो लांब गेलाच नाही. मध्येच तुटला, हुंदक्याने अडला, पुन्हा सुटला. काच घुमली, तशीच, तुकड्यातुकड्यांनी.

"अजून तुटतोय," ती म्हणाली.

फुंक्याकाका ओट्याला टेकून बसले. "तुटू दे," ते म्हणाले. "बरणी रिकामी आहे."